उसवलं का इरलं

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात
मेडिकलच्या कॅज्युअल्टीत आणले शेषराव हेडाऊंना,
गोळीबार चौकातले शिंपी.
कपाळाला हात लावला तर
हात आपोआप मागे आला
इस्त्रीवरून येतो तसा.

कोर्टाला सुट्ट्या लागल्या होत्या.
वकिलांचे काळे कोट
अस्तर बदलायला आलेले, एकवीस.
वर टिनाचं छप्पर, कूलरची मोटर जळालेली.
तेराव्या कोटावर त्यांनी मान टाकली.
मशीन म्हणे त्यानंतरही
पायाखाली थोडी चालत राहिली.

बर्फ, ओल्या चादरी, तीन पंखे.
तासाभरात ताप उतरवला आम्ही,
कुणी तरी चहासुद्धा मागवला.
खरं तर सुरुवात त्याच्यानंतर झाली.

सलाईन शिरेतून आत जाई
आणि आत राहत नसे.
हात सुजले, पापण्या सुजल्या,
अंगुस्तानाचा चाळीस वर्षांचा वळ
बोटावरून पुसला गेला.
पोटावर लाल ठिपके उठले सुईच्या टोकाएवढे,
आणि पायाच्या अंगठ्यात मात्र
रक्त थिजून काळं.
एकाच माणसात
इकडे गळती, तिकडे तुंबलेलं.

रात्री अडीचला कागद घेऊन बाहेर गेलो.
व्हरांड्यात वच्छलाबाई, भिंतीला पाठ लावून.
मी नेहमीचं सांगायला लागलो:
रक्तवाहिनीला आतून एक अस्तर असतं, बाई,
एका पेशीच्या जाडीचं,
त्याच्यावर मखमलीसारखी लव.
सगळ्या देहातलं उलगडून अंथरलं
तर कस्तुरचंद पार्कचा एक कोपरा झाकेल.
त्याला इजा झाली आहे.

"उसवलं का इरलं?"

मला प्रश्नच कळला नाही.

"तीस वर्सं झाले, अस्तर मीच लावून राहिली.
बाहेरचं कापड यायचं, आतलं माह्यं.
उसवलं असन तं टाका घालता येते.
इरलं असन तं कापड सुई धरत नाही.
जितके टाके, तितके भोकं."

त्या क्षणी शेषरावांच्या अंगात
आमच्या सात सुया होत्या.
मी मनातल्या मनात मोजल्या,
मानेपासून.

"इरलं," मी म्हटलं.

"मंग?"

मग काय. मग ओढाताण करायची नाही.
पाणी जपून, रक्त जपून,
आणि ते आतून पुन्हा भरून येण्याची वाट पाहायची.
भरलं तर.

"कापड भरून येत नाही, डॉक्टर."

हे येतं, मी म्हटलं. कधीकधी.

तिनं सही केली, धावदोऱ्यासारखी,
एका सरळ रेषेत, सारख्या अंतराच्या अक्षरांची.
कागद परत देताना
माझ्या अॅप्रनची कड दोन बोटांत धरून चोळली.
"एकेरी आहे थे," म्हणाली.
"घाम थेट कापडाले लागते."
आणि सोडून दिली.

अशा किती जणांना मी तो शब्द सांगितला असेल,
अस्तर, अस्तर,
जीभ न अडखळता.
वर्गात शिकवतात तेव्हाही आपण
नळ्यांची चित्रं काढतो,
आतली रेघ सगळ्यात शेवटी,
वेळ उरला तर.

सातव्या दिवशी पिशवीत लघवी आली
पाण्याशिवाय उकळलेल्या चहाच्या रंगाची.
सिस्टर रंगारींनी पिशवी उजेडात धरली,
आकडा दोनदा वाचला.
अंगठा काळाच होता.
डोळे अजून उघडले नव्हते.

बाहेर वच्छलाबाईच्या मांडीवर चौदावा कोट,
उलटा केलेला,
काळ्याच्या आत काळं सॅटिन.
बाकीचे थैलीत.
सुट्ट्या संपत आल्या होत्या,
वकिलांचे फोन येत होते.

"चाळीस मिलिलीटर," मी म्हटलं.

तिच्या दातांत दोरा होता.
तिनं तो तोडला नाही,
नुसती मान हलवली,
म्हणजे ऐकलं.